गाडी स्लोला ऐकायची

सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेलं की प्रत्येकजण एकच गोष्ट करतो, चावी घेतो आणि एक राउंड मारून येतो, आणि तो राउंड नेमका मोकळ्या रस्त्यावर असतो. आमच्या कोल्हापुरात विद्यापीठाकडचा रोड म्हणा, नाहीतर रंकाळ्याकडून पुईखडीपर्यंत. गाडी टॉपला टाकली, साठला नेली, पिकअप बघितला, ब्रेक दाबून बघितला आणि आला परत, "मस्त आहे राव गाडी." माझं ठाम मत आहे की इथंच सगळं निसटतं. साठच्या स्पीडला जवळजवळ प्रत्येक गाडी मस्त असते. गाडी कशी आहे ते कळतं बिंदू चौकात, महाद्वार रोडला रविवारच्या गर्दीत, गंगावेशीत दूध कट्ट्यासमोर म्हशी आडव्या आल्यावर. फर्स्ट-सेकंड गिअरला, अर्धा क्लच दाबून, ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असताना ती काय करते ते बघायचं. आणि त्याच्याही आधी, गाडी नुसती स्टँडवर उभी करून, सकाळी थंड असताना, स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसती चालू सोडून पाच मिनिटं तिच्या शेजारी गप्प उभं राहायचं.

का, ते सांगतो, कारण हे समजल्यावर माझा गाडीकडं बघायचा दृष्टिकोनच बदलला. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. म्हणजे १४०० आरपीएमला (मिनिटाला १४०० फेऱ्या), आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं स्लो साधारण इथंच सेट केलेलं असतं, ते मिनिटाला ७०० वेळा श्वास घेतं आणि ७०० वेळाच पेटतं. सिंगल सिलिंडर असल्यामुळं मधल्या काळात फिरवायला दुसरं कोणी नाही, फक्त इंजिनसोबत फिरणाऱ्या जड मॅग्नेटच्या वजनाचा जोर. यातला एक स्फोट चुकला तरी हँडलला कळतं, लागोपाठ चुकायला लागले तर गाडी बंद. तेच सहा हजार आरपीएमला मिनिटाला तीन हजार स्फोट होतात, त्यातले दोनचार वाया गेले तरी कुणाच्या बापाला कळत नाही. शिवाय स्लोला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची वाट, जवळजवळ बंद असतो, आत जाणारी हवाच मुळात थोडी, आणि थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला इंजिन जोरात ओढत असल्यामुळं व्हॅक्युम सगळ्यात जास्त. अशा वेळी कुठंतरी बारीक फट असेल तर तिथून आत येणारी हवा एकूण हवेच्या मानानं बरीच होते आणि सगळं मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की मुख्य वाटेनं एवढी हवा येते की त्या फटीला काही किंमत राहत नाही. स्पीडला गाडी आपले दोष झाकते, मुद्दाम नाही, पण झाकते.

माझी गाडी दीडशे सीसीची, २०१० मॉडेल, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. घेतली तेव्हा तिचं स्लो दोन हजाराच्या वर ठेवलेलं होतं. म्हणजे उभी असताना नुसती घोंघावत होती. विकणाऱ्यानं सांगितलं की ट्रॅफिकमध्ये बंद पडू नये म्हणून रेस जरा वाढवलीय, सगळेच ठेवतात. ठेवतात हे खरंय. पण वाढवलेली रेस म्हणजे दुखण्यावर घेतलेली गोळी असते, आणि कुठलं दुखणं म्हणून गोळी घेतली हे पुढच्या मालकाला सांगायची पद्धत नाही आपल्याकडं. मी घरी आणून स्लोचा स्क्रू मागं घेऊन रेस जागेवर आणली आणि गाडीनं खरं सांगायला सुरुवात केली. दसरा चौकात सिग्नलला उभं राहिलं की आवाज वरखाली व्हायचा, हुंऽऽ हुंऽऽ करत एकदा चढायचा एकदा उतरायचा, मग एक खोकला आणि बंद. सिग्नल सुटल्यावर थोडा ॲक्सिलरेटर दिला की मधे एक खड्डा, काहीच नाही, आणि मग एकदम गचका. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट फटके. आणि चाळीसच्या पुढं गेली की मग लोण्यासारखी, जणू काही झालंच नाही.

एका गॅरेजला दाखवली. मेकॅनिकनं दोनदा रेस दिली, कान जवळ नेला नाही, प्लग काढला नाही, आणि म्हणाला कार्बोरेटर गेलाय, नवीन टाकूया. नवीन कार्बोरेटर म्हणजे सेकंडहँड गाडीच्या मानानं बरीच रक्कम. मला पैशाचं एवढं वाईट वाटलं नाही जेवढं न बघता बोलण्याचं वाटलं. पार्ट बदलणं म्हणजे रिपेअरिंग नाही, पार्ट बदलून बरी झाली तरी काय झालं होतं ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर तेच परत होतं. मी गाडी घेऊन उद्यमनगरात गेलो.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उद्यमनगर हा आमच्या गावाचा एक वेगळाच भाग आहे. अंबाबाई, कुस्ती, तांबडा पांढरा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण या गावानं इंजिनं बनवलीत. शेतातल्या विहिरीवर पाणी ओढणारी ऑइल इंजिनं इथल्या वर्कशॉपमधून गेली, म्हादबा मेस्त्रींचं नाव जुनी माणसं अजून आदरानं घेतात, पिस्टन बनवणारी मेनन पिस्टन्स इथलीच, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत जाऊन बसतं. लेथवर उभं राहून वाढलेली पिढी आहे इथं. त्यामुळं उद्यमनगरातल्या गल्लीबोळांत अजून अशी माणसं सापडतात ज्यांना इंजिन आतून माहीत आहे, फक्त पार्ट नंबरनं नाही.

आमचे मिस्त्रीमामा त्यातले. दुकानाला बोर्ड नाही. सत्तरीच्या आसपासचे, हाताला कायम ऑइल, आणि गाडी आणली की पहिली काही मिनिटं पान्याला हातच लावत नाहीत.

"भावा, आधी सांग, थंडीला करतीया का गरम झाल्यावर?"

मी म्हटलं मामा, सकाळी चोक दिला की बरी असते, गरम झाली की जास्त करते.

"चोक देऊन बरी असती?"

हो.

"मग पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त हाय. बस खाली."

एवढ्या दोन प्रश्नांत निम्मं काम झालं होतं. चोक दिल्यावर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. जी गाडी चोकवर सुधारते ती पेट्रोलला भुकेली असते. जी चोकवर आणखी गुदमरते तिच्यात पेट्रोल आधीच जास्त असतं. यासाठी एक रुपया लागत नाही, कुठलंही टूल लागत नाही, फक्त विचारावं लागतं. मला मामांच्या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. फुकटातल्या गोष्टी आधी, उघडायच्या गोष्टी नंतर, बदलायच्या गोष्टी सगळ्यात शेवटी.

मग प्लग काढला. इथं एक महत्त्वाची गोष्ट आहे जी लोक करत नाहीत. गाडी साठनं पळवून आणून प्लग बघितला तर तो साठच्या स्पीडचा प्लग दिसतो. स्लोचं दुखणं बघायचं तर गाडी स्लोला चालवून, तिथंच बंद करून प्लग काढायचा. माझा प्लग तसा काढला तर टोकाला पांढुरका होता, म्हणजे लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. बरोबर असता तर विटकरी, फिकट तपकिरी दिसला असता, आणि पेट्रोल जास्त असतं तर काळी कोरडी काजळी. गॅप बघितली, ती ठीक होती. प्लग कॅप हलवून बघितली, हाय टेन्शन वायर बघितली, रात्री अंधारात ठिणगी बाहेर उडते का ते बघायला सांगितलं मला, मी घरी बघितलं, काही नव्हतं. म्हणजे करंट बरा होता.

आता आला कार्बोरेटर, पण खोलला नाही अजून. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात हे थोडक्यात सांगतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की मेन जेट. मधल्या टप्प्यात सुई आणि स्लाइड. आणि थ्रॉटल बंद किंवा जेमतेम उघडा असताना फक्त स्लो जेट, ज्याचं भोक मिलिमीटरच्या निम्म्यापेक्षाही लहान असतं, आणि त्याच्यासोबत मिश्रण कमीजास्त करणारा छोटा स्क्रू, ज्याला आपण सरसकट एअर स्क्रू म्हणतो. सरसकट म्हणू नये पण. हा स्क्रू कार्बोरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मिसळलेली हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. बरोबर उलटं. कितीतरी जण हे न बघता फिरवत बसतात आणि मग गाडी ऐकत नाही म्हणतात. माझ्या गाडीत तो इंजिनच्या बाजूला आहे.

मामांनी काय केलं, गाडी चांगली गरम केली, स्क्रू हळूहळू आत घ्यायला लावला, किती आटे जातात ते मोजत. चांगल्या गाडीत हा स्क्रू आत गेला की इंजिन लगेच तक्रार करतं, आवाज पडतो, बंद पडायला येते. माझी गाडी तक्रार करेना. पूर्ण आत गेला, हलक्या हातानं, कारण जोरात आवळला तर टोक बसतं आणि कार्बोरेटर खरोखरच जातो. तरी आवाज जवळपास तसाच. परत बाहेर काढला, चार साडेचार आटे, तेव्हा जरा सुधारली. साधारण दोन आट्यांच्या आसपास लागायला पाहिजे. ज्या स्क्रूनं स्लो ठरायला पाहिजे त्याचं इंजिन ऐकत नाही याचा अर्थ एकतर स्लो जेटची वाट तुंबलीय, किंवा थ्रॉटलच एवढा उचलून ठेवलाय की तो स्लोच्या वाटेवर नाहीच, किंवा हवा भलत्याच जागेनं येतेय. थ्रॉटल मी आधीच खाली आणला होता.

"साबणाचं पाणी हाय का?"

स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेतलं आणि कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मधे जो रबराचा मॅनिफोल्ड, म्हणजे जोडणारी नळी, असते तिच्यावर, गाडी चालू असताना, थोडं थोडं मारत गेलो. काहीजण इथं पेट्रोल मारतात किंवा पेट घेणारा स्प्रे मारतात, आवाज बदलतो हे खरं, पण गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल उडवणं मला कधीच पटणार नाही. साबणाचं पाणी फट क्षणभर बुजवतं, तेवढं पुरतं. वरून मारलं, काही नाही. डाव्या बाजूनं, काही नाही. खालून मारलं आणि आवाज एकदम सरळ झाला. दोन सेकंद. मग परत हुंऽऽ हुंऽऽ.

रबर खोलून काढलं तर वरून नवंकोरं दिसत होतं. वाकवलं तेव्हा खालच्या बाजूला चीर उघडली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. थंड असताना मिटलेली, गरम होऊन रबर मऊ झालं आणि इंजिनच्या कंपनानं ताणलं की उघडणारी. रसवंतीत उसाचा रस पिताना स्ट्रॉला कुठंतरी चीर असेल तर कितीही ओढलं तरी निम्मी हवाच येते तोंडात, तसं चाललं होतं त्या इंजिनचं.

नवीन रबर आणलं, लक्ष्मीपुरीत मिळालं, क्लिप आवळल्या, ओ-रिंग नवीन टाकली. आणि आता इथून जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

गाडी आणखी वाईट झाली.

आधी थंडीला तरी बरी असायची, आता थंडीलाही गुदमरायची. स्लोला जड आवाज, धाप लागल्यासारखा, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, प्लग काळा कुट्ट. कोणीही म्हटलं असतं की रबर बदलून उपयोग झाला नाही, जुनं परत लावा. मला आत कुठंतरी तसंच वाटत होतं, आणि मामा मात्र खुश झाले. खरंच खुश झाले. म्हणाले, "आता सापडलं. आता ह्याच्या आदी कुणी काय केलंय ते दिसाय लागलंय."

कार्बोरेटर आता खोलला. स्लो जेट काढून उजेडाकडं धरला. भोक गोल नव्हतं, एका बाजूला ओरखडलेलं, मोठं झालेलं. कुणीतरी, कधीतरी, आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात, गाडी स्लोला पेट्रोलला भुकेली आहे हे बरोबर ओळखलं होतं. पण हवा कुठून येते ते शोधलं नाही, जेट तुंबलाय असं समजून त्यात स्टीलची तार घातली. पितळ मऊ असतं, तार कडक असते. भोक मोठं झालं, पेट्रोल जास्त यायला लागलं, चिरेतून येणारी जास्तीची हवा आणि ओरखडलेल्या भोकातून येणारं जास्तीचं पेट्रोल यांची कशीबशी तोंडमिळवणी झाली, आणि जी काही कसर राहिली ती रेस वाढवून भरून काढली. दोन बिघाड आणि एक झाकण, आणि असली गाडी राउंड मारून बघितली की मस्त. त्यातला एक बिघाड दुरुस्त केला की दुसरा उघडा पडतो आणि माणसाला वाटतं आपली दुरुस्तीच चुकली.

मला या गोष्टीनं खूप दिवस सोडलं नाही. जुन्या गाडीत बिघाड एकटा नसतोच बहुतेक वेळा, बिघाड असतो आणि त्या बिघाडाशी जुळवून घेण्यासाठी कुणीकुणी केलेले फेरफार असतात, थरावर थर. नवीन गाडी बिघडली तर बिघाड शोधायचा. जुनी गाडी बिघडली तर तिच्यावर आधी काय काय उपाय झाले ते शोधायचं, आणि ते उलट्या क्रमानं सोडवत यायचं. म्हणूनच एकावेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम एवढा कडक पाळायला पाहिजे. आम्ही रबर, जेट, प्लग, स्क्रू सगळं एकदम केलं असतं तर गाडी कदाचित त्याच संध्याकाळी सुधारली असती, पण कशानं ते कळलं नसतं. रबर बदलून ती बिघडली म्हणूनच जेट दिसला. गाडी वाईट होणं ही पण एक माहितीच असते, घाबरून मागं फिरलं की ती माहिती हातातून जाते.

नवीन स्लो जेट टाकला, कंपनीच्या नंबरचाच, अंदाजानं नाही. बाकीच्या वाटा कंप्रेसरच्या हवेनं आणि कार्ब क्लीनरनं साफ केल्या, तार कुठंच घातली नाही. कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं त्या बाऊलच्या तळाला पिवळट चिकट थर होता, पेट्रोल उडून गेल्यावर मागं राहतो तो, गाडी बरेच महिने उभी असल्याची खूण. स्क्रू दोन आटे. गाडी स्टार्ट केली आणि गरम झाल्यावर स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, आवाज सगळ्यात वर जाऊन स्थिर होतो ती जागा पकडली, मग रेस १४०० ला आणली. आता स्क्रू आत घेतला की इंजिन लगेच बोलत होतं. तो क्षण मला फार आवडला, हे मनापासून सांगतो. इंजिन ऐकायला लागलं होतं.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागातली फट, बघितले त्याच बैठकीत, त्याबद्दल थोडंच सांगतो. लोकांना टॅपेट वाजलेले आवडत नाहीत म्हणून मेकॅनिक ते आवळून देतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खुश. पण छोट्या इंजिनात ही फट मिलिमीटरच्या पाचदहा शतांशाची असते, ०.०५, ०.१० अशी. इंजिन तापलं की धातू वाढतो, फट संपते, आणि जास्त आवळलेला व्हॉल्व पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, आणि गळायला सगळ्यात जास्त वेळ कधी मिळतो, तर स्लोला. त्यामुळं गरम झाल्यावर स्लोला बंद पडणारी गाडी असेल आणि आवाज अगदी शांत असेल तर मला तरी त्या शांततेचा संशय येतो. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजनंच, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनंच बघायचं. माझे एक्झॉस्टचे जरा टाइट निघाले, सेट केले.

एवढं सगळं झाल्यावर शहरात गाडी झकास झाली. पण माझं गाव भोगावतीच्या बाजूला, आणि राधानगरी रोडला सीझन सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन, रस्ताभर पसरलेल्या, ओव्हरटेकला जागा नाही, मैल मैल सेकंड गिअरमध्ये मागं मागं जायचं. स्लोची परीक्षा बघायला याच्यापेक्षा चांगला रस्ता नाही. आणि तिथं दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, २०२२ पर्यंत ते १० टक्क्यांवर आलं होतं, पुढच्या तीन वर्षांत वीसवर गेलं. इथेनॉल आपल्या उसाचं आहे, समोरच्या ट्रॉलीतला ऊस कारखान्यात जाणार, त्याची साखर होणार आणि रस-मळीतून डिस्टिलरीत इथेनॉल, शेतकऱ्याच्या बिलाला त्याचा आधार आहे आणि शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला त्याचं महत्त्व कळतं. पण २०१० च्या कार्बोरेटरला ते माहीत नाही. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेटमधून येणारं इंधन तेवढंच, हवा तेवढीच, म्हणून मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे बघून इंधन वाढवतो. कार्बोरेटरमध्ये ते काम आपल्या हाताचं. मी स्क्रू अर्धा आटा जास्त उघडला आणि सेकंडमधला उरलेला खड्डा गेला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं, आणि कोल्हापूरचा पावसाळा काय असतो ते सांगायला नको. तेव्हा गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊल मोकळा करून ठेवावा. जुने रबरी पाइपही यानं लवकर कडक पडतात किंवा फुगतात, ते बदलायला फार पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, सेकंडला अजून एक गचका येत होता, पण ठरावीक अंतरानं, टक… टक… टक. इंजिनचा गचका असा शिस्तीत येत नाही. चालू गाडीत क्लच दाबला तर इंजिन एकदम सरळ, गचका मात्र चालूच, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं तर चेन एका जागी ताणली जायची आणि दुसऱ्या जागी ढिली पडायची. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. मागच्या चाकाच्या हबमधले, गचके झेलणारे रबरही चेपलेले होते. कितीतरी जण या गचक्यासाठी कार्बोरेटर खोलतात आणि स्लो जेटला तार घालतात, आणि तिथून माझ्या गाडीसारखी गोष्ट सुरू होते.

कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायचीय. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. किती घरांचे खालचे मजले बुडाले ते आपण डोळ्यांनी बघितलंय, आणि घरं बुडाली तिथं दारातल्या गाड्याही बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून, ऑइल बदलून परत रस्त्यावर आल्या, आणि लोकांची अडचण होती, त्यांना दोष देत नाही मी. पण घेताना हेडलाइट उघडून आतला कोपरा बघा, टाकीखालच्या वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सोडवून बघा. गाळाची बारीक रेघ आणि पितळेवरची हिरवी बुरशी सहजासहजी जात नाही. आणि ही गोष्ट स्लोशी जोडलेली आहे. स्पार्कची वेळ सांगणारी पिकअप कॉइल मॅग्नेट फिरण्यावर करंट तयार करते, मॅग्नेट हळू फिरलं की तो करंट आधीच कमी, त्यात कपलरला गंज असला की सिग्नल पोचत नाही आणि गाडी फक्त स्लोला मिसिंग करते. मामांकडं अशा गाड्या अजून येतात. मालक कार्बोरेटर घेऊन येतो, मामा कपलर साफ करून देतात.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. वाईट झालं असं मी म्हणणार नाही, धूर कमी झाला, ॲव्हरेज सुधारलं, सकाळी एका सेल्फला चालू. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो. पण स्कॅनर रबराची चीर दाखवत नाही, लीन आहे एवढंच सांगतो, चीर शोधायला परत साबणाचं पाणी आणि कानच लागतो. मामांच्या दुकानात आता एक पोरगं शिकायला येतंय, आयटीआय केलेलं, मोबाइलवर स्कॅनरचं ॲप चालवतं. मामा त्याला आधी गाडी ऐकायला बसवतात. मला ते फार बरं वाटलं.

आता मी एक कागद केलाय. त्यावर लिहिलंय, मॅनिफोल्डचं रबर कधी बदललं, स्लो जेटचा नंबर काय, जुना का काढला, मिश्रणाचा स्क्रू अडीच आटे आणि तो कुठल्या बाजूला आहे, टॅपेटची फट किती ठेवली, रेस किती, कुठल्या पेट्रोलवर. चेन स्प्रॉकेटचा सेट आणि हब रबर पुढच्या महिन्यात टाकणार, ते पण त्यात येईल. जुना ओरखडलेला जेट पण ठेवलाय एका पुडीत. कधी ही गाडी विकली तर आरसी आणि इन्शुरन्ससोबत हा कागद आणि ती पुडी घेणाऱ्याच्या हातात देणार, आणि राउंड मारायच्या आधी गाडी थंड असताना त्याला तिच्या शेजारी उभं करणार.